तोरिनोच्या भाषा शाळांत इंग्रजी शिकवायचे असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात इंग्रजीत एम.ए. केलेल्या आणि काही वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलेल्या एका शिक्षिकेच्या नवऱ्याला तोरिनोत, म्हणजे आपण ज्याला तुरिन म्हणतो त्या शहरात, वाहन उद्योगात नोकरी लागली आहे. तिथल्या खासगी भाषा शाळा भारतीय शिक्षिकेला घेतात का, सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचा केंब्रिजचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, करावाच लागतो का, पैसे किती मिळतात आणि इटालियन येत नसताना निभाव लागेल का, असे तिने विचारले आहे. मी बरीच वर्षे याच शहरात शाळांतून, कंपन्यांतून आणि परीक्षांच्या वर्गांतून इंग्रजी शिकवते, म्हणून थेट तुम्हालाच उद्देशून लिहिते.

घेतात. सगळ्या घेत नाहीत, आणि ज्या घेतात त्या तुमच्या एम.ए.कडे पाहून घेत नाहीत. शाळेच्या संचालिकेला आधी एवढेच जाणून घ्यायचे असते की काम करण्याचा परवाना आज तुमच्या हातात आहे का, वर्गात उभे राहून शिकवल्याचा पुरावा देणारे प्रमाणपत्र आहे का, आणि सप्टेंबरपासून जूनपर्यंत तुम्ही शहर सोडून जाणार नाही ना. बाकी गप्पा त्यानंतर.

जाहिरातींत 'माद्रेलिंग्वा' हा शब्द जागोजागी दिसेल, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेला शिक्षक. तो वाचून मागे फिरू नका. इटलीच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या 29 डिसेंबर 1982 च्या परिपत्रकातली व्याख्या विद्यापीठांच्या भाषा-तज्ज्ञांच्या भरतीत आजही उद्धृत होते. तिच्यानुसार कौटुंबिक वारशाने किंवा भाषेच्या प्रत्यक्ष जगलेल्या अनुभवाने जो ती भाषा सहज बोलतो, तो माद्रेलिंग्वा. यात पासपोर्टचा उल्लेख नाही. ज्या बाईचे सगळे शिक्षण इंग्रजीतून झाले, जी रोज इंग्रजीत वाचते, लिहिते, शिकवते, तिने हा दावा मान खाली घालून करायचे कारण नाही. खासगी शाळा मात्र हा शब्द ग्राहकासाठी वापरतात. पालकांना लंडनचे शिक्षक दाखवायचे असतात. काही शाळा तुमचे नाव वाचून उत्तरच देणार नाहीत. मला हे चीड आणणारे वाटते, आजही. पण त्यांच्यामागे धावण्यात वेळ घालवू नका, कारण दुसरीकडे परिस्थिती तुमच्या बाजूने बदलली आहे.

1 जानेवारी 2021 पासून ब्रिटिश नागरिकाला इटलीत नव्याने येऊन काम करायचे तर व्हिसा लागतो. त्याआधी मँचेस्टरहून एखादा तरुण बॅग घेऊन यायचा आणि सोमवारी वर्गावर उभा राहायचा. आता त्याच्यासाठी परवानग्यांचा खटाटोप कोणतीही छोटी शाळा करत नाही. आयरिश आणि माल्टीज शिक्षक पुरत नाहीत. त्यामुळे शहरात आधीच राहणारा, कागदपत्रे पूर्ण असणारा, चांगले शिकवणारा माणूस शाळांना हवा असतो. नवऱ्याच्या नोकरीवर तुम्हाला कौटुंबिक कारणासाठीचा 'पेर्मेसो दी सोजोर्नो', म्हणजे वास्तव्य परवाना, मिळेल. त्यावर नोकरीही करता येते आणि स्वतंत्र व्यवसायही. अर्जाच्या पहिल्या ओळीत, नावाखालीच, हे लिहा. एम.ए. नंतर.

इथे एक इशारा इतर वाचणाऱ्यांसाठी. भारतात बसून तोरिनोच्या भाषा शाळेकडून वर्क व्हिसा मिळेल या आशेवर राहू नका. बाहेरच्या कामगारांसाठी सरकार दरवर्षी कोटा जाहीर करते, 2025 साठी तो मुळात 1,65,000 ठरला होता. पण त्यासाठी मालकाला आधी प्रांताच्या कार्यालयातून मंजुरी काढावी लागते, आणि आठवड्याला दहा-बारा तासांचे काम देणारी शाळा त्या वाटेला जात नाही. जे येतात ते बहुधा विद्यार्थी म्हणून येतात. विद्यार्थी परवान्यावर आठवड्याला 20 तास, वर्षाला 1,040 तासांच्या मर्यादेत काम करता येते. पोलितेक्निकोत, म्हणजे इथल्या अभियांत्रिकी विद्यापीठात, शिकणारी आपली काही मुले संध्याकाळी शिकवण्या घेतात, ती याच आधारावर.

तुमच्या बाबतीत पोहोचल्यावर कामाच्या आठ दिवसांच्या आत परवान्याचा अर्ज करायचा असतो. 'कोदीचे फिस्काले', म्हणजे कर क्रमांक, त्याच सुमारास घ्या, त्याच्याशिवाय शाळा करारच लिहू शकत नाही. प्रत्यक्ष कार्ड यायला महिने लागतात आणि नुसत्या पावतीवर काम देताना काही शाळा कचरतात. नवरा-बायकोच्या नात्याचे आणि पदवीचे कागद अपोस्तील करून, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी शिक्का मारून, भाषांतरासह, निघण्यापूर्वीच तयार ठेवा. इथे बसून पुण्यामुंबईतून ते मागवणे फार त्रासाचे आहे.

सेल्टा करा. केंब्रिजचा हा अभ्यासक्रम निदान 120 तासांचा असतो आणि त्यात खऱ्या विद्यार्थ्यांपुढे सहा तास शिकवावे लागते, परीक्षक मागे बसून टिपणे काढत असतो. ट्रिनिटी कॉलेज लंडनचा तसाच अभ्यासक्रम, सर्टटेसोल, तोही तितकाच चालतो. घरबसल्या मिळणारी स्वस्त ऑनलाइन प्रमाणपत्रे, ज्यांत एकही तास कोणी तुम्हाला शिकवताना पाहत नाही, ती इथे बहुतेक संचालक बाजूला ठेवतात. पण मी सेल्टाचा आग्रह नोकरीसाठी जेवढा धरते त्याहून जास्त आपल्या सवयींसाठी धरते. आपण महाविद्यालयात साठ-ऐंशी मुलांपुढे बोलत राहतो, फळ्यावर नियम लिहितो, मुले उतरवून घेतात. इथे वर्गात आठ जण असतात आणि त्यांनी त्या तासाचे पैसे बोलण्यासाठी मोजलेले असतात. शिक्षिकेने गप्प कसे राहायचे, कुठे थांबून विद्यार्थ्याला स्वतःच चूक पकडू द्यायची, हे अंगी मुरायला कुणीतरी समोर बसून टोकावे लागते.

आता पैसे. तोरिनोच्या खासगी शाळा साधारण तासाला 15 ते 20 युरो देतात. कंपन्यांतल्या वर्गांना थोडे जास्त, स्वतःच्या खासगी शिकवण्यांना 25-30 पर्यंत. हा आकडा पुण्याच्या हिशेबाने गोड वाटतो, म्हणून नीट मांडून दाखवते. बऱ्याच शाळा शिक्षकाला पगारी नोकरीवर न घेता 'पार्तिता इव्हा' उघडायला सांगतात, म्हणजे तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक आणि बिल लावायचे. 85,000 युरोंपर्यंतच्या उत्पन्नासाठी असलेल्या सोप्या करपद्धतीत शिक्षकाच्या मिळकतीचा 78 टक्के भाग उत्पन्न धरला जातो, त्यावर 26 टक्क्यांहून किंचित जास्त सामाजिक विम्याचा हप्ता, आणि उरलेल्यावर पहिली पाच वर्षे 5 टक्के कर, पुढे 15. समजा वर्षाला 15,000 युरोंची बिले लावलीत. उत्पन्न धरले जाईल 11,700. विम्याला सुमारे 3,050 जातील, कराला सव्वाचारशेच्या आसपास. हातात साडेअकरा हजार, त्यातून हिशेबनिसाची फी वेगळी. महिन्याला भागले तर हजार युरोंच्या आत. आणि 18 युरोंच्या दराने हे 15,000 मिळवायला वर्षात 830 तास शिकवावे लागते, म्हणजे कामाच्या 36 आठवड्यांत दर आठवड्याला 23 तास.

ते 23 तास सलग नसतात, खरा प्रश्न तिथे आहे. सकाळी आठला शहराबाहेरच्या कंपनीत दीड तास. मग मोकळे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बँकेत एक तास. साडेतीनपासून शाळेत लहान मुले, पाचपासून अकरावी-बारावीच्या वयाची, साडेसहापासून रात्री साडेआठ-नऊपर्यंत नोकरदार. मधल्या रिकाम्या वेळांना इथले शिक्षक 'बुकी' म्हणतात, म्हणजे भोके. या भोकांचे, प्रवासाचे, तयारीचे, निबंध तपासण्याचे पैसे कोणी देत नाही. त्यामुळे तासाचा दर विचारताना अख्खा आठवडा डोळ्यासमोर ठेवा. शहराच्या मध्यात 16 युरोंचे सलग तीन तास हे ओर्बास्सानोच्या औद्योगिक पट्ट्यात 22 युरोंच्या एका तासापेक्षा फायद्याचे ठरतात. मेट्रोची एकच मार्गिका आहे, फेर्मीपासून बेंगाझीपर्यंत, तिच्या जवळ घर घेतलेत तर रोजचा तासभर वाचेल. संपाच्या दिवशी शहरी वाहतूक सकाळी 6 ते 9 आणि दुपारी 12 ते 3 एवढीच हमखास चालते. संध्याकाळच्या वर्गावरून परतायचे कसे हे त्या दिवशी आधी ठरवून ठेवावे लागते.

मुलाखतीत हे सगळे न लाजता विचारा: विद्यार्थ्याने आयत्या वेळी तास रद्द केला तर पैसे मिळतात का, किती तास आधी कळवण्याचा नियम आहे, पातळी तपासणाऱ्या चाचण्या घेण्याचे मिळतात का, बिल लावल्यापासून किती दिवसांनी रक्कम जमा होते. मी काम केलेल्या एका शाळेत साठ दिवसांचे नव्वद व्हायचे आणि दर वेळी कारण नवे असायचे. चांगल्या शाळाही पुष्कळ आहेत. आइस्ली या इटालियन भाषा शाळांच्या संघटनेच्या सदस्य शाळांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे, कारण तिथे शिकवण्याच्या दर्जाची तपासणी होते. पहिल्या वर्षी सगळे तास एकाच शाळेला देऊ नका.

आता ज्या कामात तुम्ही या शहरात खरोखर उठून दिसाल, ते सांगते. तोरिनो हे पर्यटनावर चालणारे शहर नाही, कारखान्यांचे आहे. फियात इथलीच, आता ती स्टेलांटिसमध्ये आहे. रिव्हाल्तामधल्या आव्हिओ एरोचा विमान-इंजिनांचा व्यवसाय 2013 मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने घेतला. अंतराळ स्थानकाचे कित्येक कक्ष तोरिनोतच बांधले गेले. शिवाय सुटे भाग, साचे, रचना करणाऱ्या शेकडो लहान कंपन्या. या सगळ्यांतले अभियंते इंग्रजीत काम करतात, आणि ते ज्यांच्याशी बोलतात त्यांतले थोडेच इंग्लंडचे असतात. पलीकडे पोलंड, ब्राझील, चीन, आणि बऱ्याचदा पुणे. फियात आणि टाटांचा संयुक्त कारखाना रांजणगावला आहे, 2017 पासून तिथे जीप कंपास बनते. तिथल्या आणि चाकणच्या लोकांशी आठवड्याला फोनवर बोलणारे इटालियन अभियंते माझ्या वर्गात येतात. त्यांची तक्रार ठरलेली असते: बीबीसी कळते, पण पुण्याचा सहकारी काय म्हणतो ते कळत नाही.

हे शिकवायला तुमच्याइतके योग्य कोण आहे? आपल्या उच्चारातले 'ट' आणि 'ड' कसे वेगळे ऐकू येतात, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपण कसे एक करतो, 'टुडे मॉर्निंग' किंवा 'डू द नीडफुल' म्हणजे नेमके काय, बैठकीत 'येस येस' म्हटले म्हणजे होकार झाला असे का समजू नये, उशीर होणार हे आपला माणूस कोणत्या शब्दांत सुचवतो. उलट बाजूने, इटालियन माणूस मध्येच बोलतो तेव्हा तो भांडत नसतो, हेही त्याच वर्गात बोलता येते. शाळेच्या संचालिकेला मुलाखतीत हे ठामपणे सांगा, उदाहरणासह. माझा अनुभव असा की कंपन्यांचे वर्ग हाताळणारी माणसे ते ऐकून लगेच सरसावून बसतात.

या वर्गांचे पैसे कुठून येतात हेही माहीत असू द्या. इटलीतली कंपनी कामगारांच्या वेतनाच्या 0.30 टक्के इतकी रक्कम विम्याच्या हप्त्यातून प्रशिक्षणाच्या निधीकडे वळवू शकते. फोंदिम्प्रेसा हा त्यातला सर्वांत मोठा निधी. त्यातून इंग्रजीचे वर्ग निघतात. म्हणून तिथे हजेरीपट हा पवित्र कागद असतो: वेळ, सही, विषय, प्रत्येक रकाना त्याच दिवशी भरलेला. तपासणीत सह्या जुळल्या नाहीत तर शाळेचे पैसे अडकतात, आणि शाळेचे अडकले की तुमचेही.

शिकवण्यात काय अडचणी येतील? इटालियन विद्यार्थी व्याकरणात कच्चा नसतो. शाळेत वयाच्या सहाव्या वर्षापासून इंग्रजी असते. पण चुका ठराविक. 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' हे वाक्य तुम्ही रोज ऐकाल, कारण इटालियनमध्ये कालच्या घटनेसाठीही 'हॅव'सारखेच सहायक क्रियापद लावतात, आणि उत्तर इटलीत तर साधा भूतकाळ बोलण्यातून जवळजवळ गेलाच आहे. काळाची रेषा फळ्यावर काढून हे सुटत नाही. मी त्यांना संपलेल्या आणि न संपलेल्या वेळा सांगून त्यांच्याच आयुष्याबद्दल बोलायला लावते: या आठवड्यात काय केले, गेल्या आठवड्यात काय केले, पुन्हा पुन्हा, महिनाभर. 'पीपल इज' म्हणतात, कारण त्यांचे लोक एकवचनी. 'आय अ‍ॅम अग्री' म्हणतात. 'हंग्री'चा 'ह' गिळतात आणि जिथे नाही तिथे लावतात. व्यंजनाने संपणाऱ्या शब्दाला शेवटी पुसटसा स्वर जोडतात.

एका जागी मात्र तुम्ही स्वतः सावध राहा. 'आय लिव्ह हिअर सिन्स टेन इयर्स' ही चूक इटालियन करतो तशी आपणही करतो, कारण दोन्ही भाषांत 'दहा वर्षांपासून राहतो' असे वर्तमानकाळातच म्हणतात. ती चूक कानाला खटकत नाही, म्हणून वर्गात निसटते. दुसरे, शब्दातला जोर. मराठी आणि इटालियन दोन्ही भाषा प्रत्येक अक्षर स्वच्छ उच्चारतात, इंग्रजी बिनजोराची अक्षरे गिळते. विद्यार्थ्याला ब्रिटिश माणूस कळत नाही तो मुख्यत्वे यामुळे. ते शिकवायचे तर आधी स्वतःच्या तोंडात हवे. लहान उतारे ऐकून, मोठ्याने वाचून, ध्वनिमुद्रण करून सहा महिने तयारी केलीत तर पुरे. लंडनचा उच्चार ओढूनताणून आणू नका. तो टिकत नाही आणि विद्यार्थ्यांना लगेच कळतो. जोर योग्य जागी, वेग आवरता, आणि स्वर लांब-आखूड स्पष्ट, एवढे असले की कोणी तक्रार करत नाही.

मुलांच्या वर्गांत केंब्रिजच्या परीक्षा चालतात, मुख्यतः बी-1 प्रिलिमिनरी आणि बी-2 फर्स्ट. विद्यापीठांत पदवीसाठी बी-1 किंवा बी-2 पातळीचे इंग्रजी मागतात, म्हणून पालक पैसे देतात. आपल्याकडे परीक्षेची तयारी करून घेण्याची शिस्त असते, ती इथे फार उपयोगी पडते. बी-2 च्या लेखनात 140 ते 190 शब्दांचा निबंध सक्तीचा, तोंडी परीक्षा दोघांची मिळून 14 मिनिटे. तोंडीत एक गंमतशीर अडचण येते. इथल्या शाळांत 'इंतेरोगाझिओने' असते, म्हणजे सगळ्या वर्गासमोर उभे राहून धडा घडाघडा सांगायचा आणि दहापैकी गुण घ्यायचे. त्यामुळे मुले पाठ केलेले तीन मिनिटे बोलतात, पण जोडीदाराने काही विचारले की थिजतात. त्यांना एकमेकांना प्रश्न विचारायला, अर्धवट वाक्यावर पुढे न्यायला शिकवणे हेच खरे काम. लहानांबरोबर काम करायचे तर 2014 पासून शाळेला तुमचा पोलीस नोंदींचा दाखला काढावा लागतो, त्याला घाबरू नका, तो सगळ्यांनाच लागतो.

इटालियनशिवाय वर्गात अडत नाही, बहुतेक शाळा वर्गात इटालियन बोलूच देत नाहीत. बाहेर पावलोपावली अडते: करार, कर, पालकांशी बोलणे, कंपनीच्या दारावरचा रखवालदार. शिवाय विद्यार्थ्याची भाषा शिकल्याखेरीज त्याच्या चुका मुळापासून दिसत नाहीत. सरकारी प्रौढ शिक्षण केंद्रांत, ज्यांना 'चिपिया' (CPIA) म्हणतात, परदेशी लोकांसाठी जवळजवळ मोफत वर्ग असतात. पोहोचल्याबरोबर नाव घाला.

अर्ज कधी करायचा? ऑगस्टमध्ये शहर बंद असते, तेव्हा पाठवलेले ईमेल कोणी उघडत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका पानाची माहिती घेऊन स्वतः शाळांच्या दारात जा. तेव्हा नाही म्हटले तरी ऑक्टोबरच्या मध्याला पुन्हा जा. तोवर वेळापत्रके लागलेली असतात, कुणीतरी शिक्षक सोडून गेलेला असतो, आणि सकाळी आठच्या कंपनीच्या वर्गाला जायला कोणी तयार नसते. जानेवारीत दुसरी संधी येते. जूनच्या मध्यानंतर तास आटतात, जुलैत मुलांची उन्हाळी शिबिरे सोडली तर फारसे काही नाही आणि ऑगस्टमध्ये शून्य. म्हणून ऑक्टोबरपासूनच दर महिन्याच्या मिळकतीतला चौथा हिस्सा बाजूला टाका. त्यातला बराचसा विमा आणि करात जाईल, उरलेला उन्हाळ्याच्या भाड्याला.